आधी प्रोग्रॅम बदला, सिस्टीम नंतर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे तुमच्यासारखे अडकलेले इतर कोणी वाचतील त्यांनाही संदर्भ लागेल. नाशिकला पंचवटीत तुमचं अकाउंट्स आणि टायपिंगचं छोटं ऑफिस आहे. डेस्कटॉप एकच. इंटेलच्या सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, १ टीबीची जुनी हार्ड डिस्क. विंडोज १० वर काम चाललंय आणि विंडोज ११ टाकायला गेलं की 'हा पीसी चालणार नाही' असं येतं. टॅलीशिवाय तुमचा दिवस जात नाही. पंधरा वर्षांची मराठी पत्रं, अर्ज, करारनामे जुन्या फाँटमध्ये आहेत. इंजिनिअरिंगला असलेला मुलगा म्हणतोय, "आई, लिनक्स टाकू या." लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टीम. तुमचं विचारणं असं, की विंडोज न काढता लिनक्स सुरू करता येईल का आणि सुरुवात कुठून करायची.

करता येईल. सातपूर-अंबडची वर्कशॉपं, काही शाळा आणि तुमच्यासारखी ऑफिसं यांच्याकडे मी बावीस वर्षं हेच काम करतोय. या काळात लिनक्स टाकून आठवड्यात परत विंडोजवर गेलेली माणसं मी भरपूर पाहिली. त्यांचं लिनक्सशी काही वाकडं नव्हतं. त्यांनी एकाच रविवारी सगळं बदललं होतं. सिस्टीम नवी, ऑफिसचा प्रोग्रॅम नवा, मराठी कीबोर्ड नवा, फाइल ठेवायची जागाही नवी. सोमवारी सकाळी दारात पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, उभी आणि साधं पत्र प्रिंट होईना. अशा वेळी माणूस जुन्या वाटेनेच जाणार.

म्हणून माझा क्रम उलटा असतो. सिस्टीमला हात लावू नका. लिनक्सवर जे प्रोग्रॅम वापरायचे आहेत ते आधी विंडोजवरच टाका आणि दोन महिने त्यांच्यावर रोजचं काम करा. वर्ड-एक्सेलच्या जागी लिब्रेऑफिस, इंटरनेटसाठी फायरफॉक्स, मेलसाठी थंडरबर्ड, फोटोंसाठी गिंप, व्हिजिटिंग कार्ड आणि लेटरहेडसाठी इंकस्केप, व्हिडिओसाठी व्हीएलसी. हे सगळे मोफत आहेत, मुक्त आहेत (त्यांचा कोड सगळ्यांना खुला आहे) आणि विंडोज-लिनक्स दोन्हींवर जवळजवळ तसेच दिसतात. हात यांच्यावर बसला, की नंतर सिस्टीम बदलल्याचं तुम्हाला फारसं जाणवत नाही.

लिब्रेऑफिस टाकल्या टाकल्या दोन गोष्टी करून घ्या. पर्यायांमध्ये भाषांचा भाग आहे, तिथे लोकेल, म्हणजे देशाप्रमाणे तारीख-आकड्यांची पद्धत, 'इंग्लिश (भारत)' ठेवा. तारीख आधी दिवस, मग महिना अशी येते आणि स्वल्पविराम लाख-कोटींप्रमाणे पडतात. तिथेच देवनागरीसारख्या लिप्यांसाठी असलेलं 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' सुरू करून भाषा मराठी निवडा. हे बऱ्याच जणांकडून राहून जातं आणि मग 'लिब्रेऑफिसमध्ये मराठी नीट दिसत नाही' अशी तक्रार होते. काही फाँट तर मजकुराची भाषा मराठी आहे हे कळल्यावरच 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे दाखवतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात.

बाहेर कोणाला फाइल पाठवायची असेल तर वर्डच्याच फॉरमॅटमध्ये सेव्ह करा, आणि नुसती वाचायला द्यायची असेल तर पीडीएफ. सीएने पाठवलेल्या एक्सेलमध्ये मॅक्रो (फाइलीतच लिहिलेले छोटे प्रोग्रॅम) असतील तर ती फाइल एक्सेलमध्येच उघडा. तिथे हट्ट करू नका. साध्या बेरजा, वजाबाक्या, याद्या, पगारपत्रक हे सगळं लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये व्यवस्थित होतं.

आता जुन्या फाँटकडे येतो. तुमची खरी अडचण टॅलीपेक्षा इथेच आहे. त्या फाइलींमध्ये कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नसतंच. इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी आकार बसवलेले असतात. डोळ्यांना 'नाशिक' दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. तो फाँट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की ती उघडी पडतात. युनिकोडमध्ये असं होत नाही. तिथे 'न'चा स्वतःचा क्रमांक आहे आणि तो विंडोजवर, लिनक्सवर, मोबाइलवर सगळीकडे तोच आहे.

त्यामुळे जुन्या फाइलींचे तीन ढीग करा. ज्या फक्त रेकॉर्डसाठी आहेत त्यांची विंडोजवरच पीडीएफ काढून ठेवा, विषय संपला. ज्या क्वचित उघडून प्रिंट कराव्या लागतात त्यांच्यासाठी तुमच्या विकत घेतलेल्या फाँटची फाइल लिनक्समध्येही टाकता येते. परवान्यात ते बसतं का एवढं आधी वाचून घ्या. फाँट टाकला की मजकूर दिसतो आणि प्रिंटही होतो, मात्र त्यात नवीन टाइप करायला लागणारा कीबोर्डचा प्रोग्रॅम विंडोजचा असल्यामुळे दुरुस्ती विंडोजवरच करावी लागेल. तिसरा ढीग रोज लागणाऱ्या नमुन्यांचा. भाडेकरार, प्रतिज्ञापत्र, सोसायटीची नोटीस, असे वीस-पंचवीस नमुने असतील. ते कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि प्रत्येक नमुना स्वतः वाचून काढा. कन्व्हर्टर रफार, जोडाक्षरं आणि आकडे इथे अडखळतात. पत्रातली एखादी वेलांटी चुकली तर चालून जाईल. करारनाम्यात गट नंबर किंवा रक्कम चुकून चालत नाही, ती दोनदा वाचा.

नवीन टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड, शिका असं मी आग्रहाने सांगतो. विंडोजमध्ये हा कीबोर्ड आहे, लिनक्समध्ये आहे आणि दोन्हीकडे बटणांची जागा एकच आहे. हात बसायला महिनाभर लागतो. कीबोर्ड नीट लागलाय की नाही हे बघायला मी नेहमी दोन शब्द टाइप करून घेतो, 'दर्या' आणि 'दऱ्या'. एक समुद्र, दुसऱ्या सप्तशृंग गडाकडे जाताना दिसतात त्या. इनस्क्रिप्टमध्ये साधा 'र' जे या बटणावर आहे आणि शिफ्ट धरून तेच बटण दाबलं की नुक्त्याचा 'ऱ' येतो. 'द', मग 'र', हलन्त, 'य', काना असं टाइप केलं की 'दर्या'. 'र'च्या जागी शिफ्टवाला 'ऱ' घेतला की 'दऱ्या'. 'दुसऱ्या', 'शेतकऱ्यांना', 'कर्मचाऱ्यांचा' हे शब्द तुमच्या अर्जांत रोज येत असणार. ज्यांना हे बटण माहीत नाही त्यांच्या हातून 'शेतकर्यांना' उमटतं आणि ते कागदावर फार बोचतं. टायपिंगच्या परीक्षेमुळे तुमचा हात टाइपरायटरच्या कीबोर्डवर बसलेला असेल, तर तो लिनक्समध्ये तुम्हाला हवा तसा मिळतो का हे पेन ड्राइव्हच्या टप्प्यावर स्वतः टाइप करून बघा. आयबस नावाच्या सोयीत मराठीचे बरेच आराखडे असतात.

दोन महिने असे गेले की पेन ड्राइव्हकडे या.

लिनक्सचे अनेक प्रकार मिळतात, त्यांतला लिनक्स मिंट मी तुमच्यासाठी सुचवतो. खाली डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ, खिडक्या ओळखीच्या, त्यामुळे विंडोजवरून येणारा माणूस बिचकत नाही. मिंटची २२ ही मालिका उबंटू या दुसऱ्या लिनक्सच्या २४.०४ आवृत्तीवर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. मुलगा आणखी चार नावं सांगेल. ती चांगलीच आहेत, त्याने त्याच्या लॅपटॉपवर जरूर बघावीत. ऑफिसच्या मशीनवर मात्र कंटाळवाणं वाटेल इतकं स्थिर काहीतरी हवं. तुमच्या ८ जीबीला मिंट आरामात पुरतं.

मिंटची फाइल साधारण ३ जीबीची आहे. ती मिंटच्या अधिकृत साइटवरूनच घ्या आणि रूफस या प्रोग्रॅमने ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिहा. पेन ड्राइव्हवरचं जुनं सगळं पुसलं जाईल, तेव्हा ज्यात लग्नाचे फोटो आहेत तो घेऊ नका. मशीन सुरू होताना बूट मेनूचं (मशीन कुठून सुरू करायचं ते विचारणाऱ्या यादीचं) बटण दाबा, बहुतेक मशीनवर ते एफ १२, एफ ११ किंवा एफ ८ असतं, आणि पेन ड्राइव्ह निवडा. मिंट पेन ड्राइव्हवरूनच चालू होईल. हार्ड डिस्कला काहीही होत नाही. पेन ड्राइव्ह काढून मशीन पुन्हा सुरू केलं की तुमचं विंडोज जसंच्या तसं.

या अवस्थेत एक रविवार घालवा. इंटरनेट लागतं का, आवाज येतो का, स्कॅनर चालतो का ते बघा. वाय-फाय लागलं नाही तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याचं टेदरिंग, म्हणजे मोबाइलचं इंटरनेट कॉम्प्युटरला देणं, सुरू करा, ते जवळजवळ नेहमी चालतं. सगळ्यात आधी बघा प्रिंटर. एचपीचे बहुतेक प्रिंटर लिनक्सवर निमूट चालतात, कंपनीचाच मुक्त ड्रायव्हर आहे. पण काही जुन्या, स्वस्त लेझर प्रिंटरांना लिनक्सवर उभं करताना अख्खी दुपार जाते, आणि ते प्रिंटर आपल्याकडे ऑफिसाऑफिसांत आहेत. तुमच्याकडे असा निघाला तर घाबरायचं कारण नाही. लिनक्सवर पीडीएफ करायची आणि प्रिंट विंडोजवरून काढायची, असं काही दिवस चालतं. फक्त हे तुम्हाला आधी माहीत हवं, पार्टी समोर बसलेली असताना कळायला नको.

आता प्रत्यक्ष टाकणं. सर्वसाधारण सल्ला असा मिळतो, की आहे त्याच डिस्कवर विंडोजचं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा त्याला दिलेला भाग, लहान करा आणि मोकळ्या जागेत लिनक्स बसवा. हे जमतं, लॅपटॉपवर बऱ्याचदा दुसरा इलाजही नसतो. तुमच्या डेस्कटॉपवर मी ते करू देणार नाही. कारण सांगतो.

२००९ च्या पावसाळ्यात अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये मी असंच पार्टिशन लहान करत होतो. मशीनवर त्यांची दोन वर्षांची ड्रॉइंग होती. बॅकअप आहे का असं मी विचारलं, "आहे" म्हणाले, आणि मी तो उघडून बघितला नाही. काम निम्म्यावर असताना लाइट गेली. यूपीएस होता, त्याची बॅटरी मेलेली होती. लाइट आल्यावर विंडोज उठलं नाही आणि पार्टिशनही दिसेना. बॅकअपची सीडी आठ महिन्यांपूर्वीची निघाली. लिनक्सच्याच सीडीवरून मशीन चालू करून टेस्टडिस्क आणि फोटोरेक या प्रोग्रॅमांनी मी तीन रात्री फाइली गोळा केल्या. पुष्कळशा मिळाल्या, पण फोटोरेक फाइलीचं मूळ नाव परत देत नाही. नुसते क्रमांक असलेल्या शेकडो फाइली. मालक आणि त्यांचे सुपरवायझर आठवडाभर रोज संध्याकाळी एकेक ड्रॉइंग उघडून हा कुठला पार्ट ते ओळखत बसले. ते मला एक शब्द बोलले नाहीत. चूक माझी होती आणि ती मी अजून विसरलेलो नाही. तेव्हापासून बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघितल्याशिवाय मी कुणाच्या डिस्कला हात लावत नाही.

म्हणून तुम्ही दुसरी डिस्क घ्या. २४० किंवा २५६ जीबीची साटा एसएसडी पुरे, म्हणजे साटा केबलने जोडायची, हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क. मशीन बंद करा, वायर भिंतीतून काढा, विंडोजच्या हार्ड डिस्कची डेटा केबल सोडवा आणि नवी एसएसडी जोडा. आता मशीनमध्ये फक्त एसएसडी आहे. पेन ड्राइव्हवरून मिंट टाका आणि 'डिस्क पूर्ण पुसून टाका' हा पर्याय बिनधास्त निवडा. पुसायला तिथे दुसरं काही जोडलेलंच नाही. झालं की हार्ड डिस्क परत जोडा. इथून पुढे मशीन सुरू करताना बूट मेनूतून कुठली डिस्क ते निवडायचं. उद्या लिनक्स नको झालं तर एसएसडी काढून घ्या, विंडोजला पत्ताही लागणार नाही. मशीन एकदम पळायला लागलं म्हणून लोक लिनक्सचं कौतुक करतात, त्यातलं निम्मं तरी एसएसडीचं असतं हेही सांगून ठेवतो.

लॅपटॉपवर एकाच डिस्कवर करणाऱ्यांनी विंडोजच्या स्वतःच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच जागा मोकळी करावी. त्याआधी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारं विंडोजचं एन्क्रिप्शन) चालू आहे का बघून त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी. नव्या लॅपटॉपांवर एन्क्रिप्शन न सांगताच चालू असतं आणि बूटच्या सेटिंगला हात लागला की विंडोज ४८ आकडे मागतं.

विंडोजमध्ये एक बदल नक्की करा. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवरच्या पर्यायांत 'फास्ट स्टार्टअप' आहे, तो बंद करा. तो चालू असला की तुम्ही 'शट डाउन' केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. आतला काही भाग डिस्कवर झोपलेल्या अवस्थेत लिहून ठेवतं आणि ड्राइव्ह अर्धवट उघडे राहतात. मग लिनक्समधून तुमच्या डी ड्राइव्हवर फाइल सेव्ह करायला गेलात की फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही. लिनक्स तिथे तुमचा डेटा वाचवत असतं. फास्ट स्टार्टअप बंद केलं की डी ड्राइव्ह दोन्हीकडून नीट वापरता येतो. पार्ट्यांच्या फाइली तिथेच ठेवा, दोन प्रती नकोत.

आणि घड्याळ. पहिल्याच आठवड्यात तुमच्या लक्षात येईल, की सकाळी अकराला लिनक्समधून विंडोजमध्ये आलात तर घड्याळात साडेपाच वाजलेत. मशीन बिघडलेलं नाही. मदरबोर्डवरचं घड्याळ लिनक्स जागतिक वेळेवर ठेवतं आणि विंडोज तेच घड्याळ स्थानिक वेळ म्हणून वाचतं. आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे, तेवढाच फरक दिसतो. वाय-फायवर असाल तर विंडोज थोड्या वेळाने स्वतः दुरुस्त करतं, पण तोवर फाइलींवर चुकीच्या वेळा पडतात आणि मध्यरात्रीनंतर बसलात तर तारीखही आदल्या दिवसाची दिसते. मुलाला सांगा, लिनक्सच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल या कमांडला 'सेट-लोकल-आरटीसी १' एवढं सांगायचं. एका ओळीचं काम आहे.

टॅली विंडोजमध्येच राहू द्या. वाइन नावाच्या थराने विंडोजचे काही प्रोग्रॅम लिनक्सवर चालतात आणि कुणीतरी तुम्हाला टॅली चालवूनही दाखवेल. मार्चअखेर अपडेटनंतर ते उघडलं नाही तर तुम्ही कुणाला फोन करणार? धंद्याची वहीखाती अशी टांगती ठेवायची नाहीत. डिजिटल सिग्नेचरचा टोकनही विंडोजवरच वापरा. जीएसटी पोर्टल बघणं, मेल, बँक, पत्रव्यवहार, टायपिंग हे सगळं लिनक्सवर न्या. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि नोंदणी करून मिळणारी वाढीव मुदतही घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. सुरक्षेचे अपडेट न मिळणाऱ्या सिस्टीमवरून अनोळखी मेल उघडणं, कुठल्याही साइटवर फिरणं हे मला धोक्याचं वाटतं. विंडोजमध्ये इंटरनेट टॅलीपुरतं आणि सहीपुरतं लावा, बाकी वेळ केबल काढलेली बरी.

मुलाला प्रोग्रॅमिंगसाठी लिनक्स हवं असेल तर त्याच्यासाठी आणखी सोपी वाट आहे. त्याच्या विंडोजच्या लॅपटॉपवर डब्ल्यूएसएल सुरू करता येतं. मायक्रोसॉफ्टनेच २०१६ पासून ही सोय दिली आहे. विंडोजच्या आतच उबंटूचं टर्मिनल उघडतं, पार्टिशन नाही, बूट मेनू नाही. शिकायला उत्तम. तुमच्या ऑफिसच्या प्रश्नावर मात्र तो उपाय नाही, कारण खाली विंडोज तेच राहतं.

मिंटचा पेन ड्राइव्ह काम झाल्यावर पुसू नका, ड्रॉवरमध्ये ठेवा. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर जगभर बऱ्याच मशीनवर शेजारचं लिनक्स बूट व्हायचं थांबलं होतं. ते दुरुस्त करता आलं, पण कधी काही अडलं तर हाताशी पेन ड्राइव्ह असलेला बरा. मिंटमध्ये टाइमशिफ्ट म्हणून प्रोग्रॅम आहे, तो पहिल्या दिवशीच चालू करा. अपडेटने काही बिघडलं तर सिस्टीम आदल्या दिवसावर नेता येते. त्यात तुमच्या कागदपत्रांचा बॅकअप होत नाही, त्यासाठी बाहेरची डिस्क वेगळी आणि तीही दर शनिवारी.

आज संध्याकाळी लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स टाकून घ्या. एसएसडी लगेच आणू नका. मुलाला कॅबिनेटची बाजूची पत्रा-प्लेट उघडून बघायला सांगा, मदरबोर्डवर साटाचा एक पोर्ट रिकामा आहे का आणि पॉवर सप्लायमधून साटाची एक मोकळी पिन लोंबतेय का. तेवढं आणि प्रिंटरचा मॉडेल नंबर मला कळवा, मग पुढचं सांगतो.